राउटिंग प्रोटोकॉल

राउटिंग प्रोटोकॉल म्हणजे संगणकीय जाळ्यातील राउटरांनी एकमेकांना मार्गांची माहिती कशी द्यावी आणि त्या माहितीवरून प्रत्येक गंतव्याकडे जाणारा योग्य मार्ग कसा ठरवावा, याविषयीची नियमावली होय. माहिती पाठवणारा आणि ती घेणारा संगणक यांच्यामध्ये बहुधा अनेक राउटर असतात. त्यांपैकी कोणालाही संपूर्ण प्रवास ठरवावा लागत नाही. आलेले पॅकेट पुढच्या कोणत्या शेजाऱ्याकडे सोपवायचे, एवढाच निर्णय प्रत्येक राउटर घेतो. असे अनेक स्वतंत्र निर्णय परस्परांशी सुसंगत राहावेत, तसेच एखादा दुवा तुटल्यास ते आपोआप बदलावेत, ही राउटिंग प्रोटोकॉलची मुख्य कामे आहेत. आरआयपी, ओएसपीएफ, आयएस-आयएस, ईआयजीआरपी आणि बीजीपी हे प्रमुख राउटिंग प्रोटोकॉल आहेत.

राउटिंग प्रोटोकॉल अस्तित्वात असलेल्या मार्गांतूनच निवड करू शकतो. नवा मार्ग निर्माण करू शकत नाही. त्यामुळे ज्या गावापर्यंत एकच केबल पोहोचते, त्या गावाला उत्तम प्रोटोकॉलचाही फारसा उपयोग होत नाही. ग्रामीण भागातील जाळ्यांची आखणी समजून घेताना ही मर्यादा महत्त्वाची ठरते.

== मूलभूत संकल्पना ==

=== पॅकेट आणि पत्ता ===

इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान तुकड्यांत विभागली जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा, तर सहाव्या आवृत्तीतील पत्ता १२८ बिटांचा असतो. एकाच संदेशाची पॅकेटे वेगवेगळ्या मार्गांनी जाऊ शकतात. ती क्रमाने लावण्याचे काम घेणाऱ्या संगणकावर होते.

=== राउटिंग तक्ता ===

प्रत्येक राउटर एक तक्ता बाळगतो. त्यात गंतव्य पत्त्यांचे गट, त्या गटाकडे जाण्यासाठीचा पुढचा टप्पा आणि मार्गाचा खर्च अशा नोंदी असतात. पत्त्यांचा गट उपसर्गाने दर्शवतात. उदाहरणार्थ, १०.२०.०.०/१६ या उपसर्गात पहिले १६ बिट समान असलेले सर्व पत्ते येतात. एखादा पत्ता दोन नोंदींत बसत असेल, तर अधिक लांब, म्हणजे अधिक नेमका, उपसर्ग असलेली नोंद वापरली जाते. १०.२०.५.७ या पत्त्यासाठी १०.२०.०.०/१६ आणि १०.२०.५.०/२४ अशा दोन नोंदी उपलब्ध असल्यास दुसरी नोंद निवडली जाते. हा नियम उपयुक्त असला, तरी त्याचा गैरवापरही होऊ शकतो (पहा : सुरक्षितता).

=== अग्रेषण आणि मार्गनिर्धारण ===

तक्ता पाहून पॅकेट पुढे पाठवणे याला अग्रेषण म्हणतात, तर तो तक्ता तयार करणे व अद्ययावत ठेवणे याला मार्गनिर्धारण म्हणतात. अग्रेषण प्रत्येक पॅकेटसाठी होते आणि त्याला क्षणाचा अत्यल्प अंश लागतो. मार्गनिर्धारण पार्श्वभूमीवर सतत चालू असते. राउटिंग प्रोटोकॉल या दुसऱ्या कामासाठी असतो.

तक्त्यांतील विसंगतीमुळे पॅकेट दोन राउटरांमध्ये फिरत राहण्याची शक्यता असते. ते अनंतकाळ फिरू नये म्हणून पॅकेटवर आयुर्मर्यादेचा आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि आकडा शून्य झाल्यावर पॅकेट टाकून दिले जाते.

=== स्थिर आणि गतिमान मार्गनिर्धारण ===

तक्त्यातील नोंदी व्यवस्थापकाने हाताने भरल्यास त्याला स्थिर मार्गनिर्धारण म्हणतात. लहान जाळ्यात किंवा बाहेर पडण्याचा एकच मार्ग असलेल्या ठिकाणी ते पुरेसे असते. जाळे मोठे असेल किंवा पर्यायी मार्ग उपलब्ध असतील, तर गतिमान मार्गनिर्धारण लागते. म्हणजेच राउटिंग प्रोटोकॉल वापरावा लागतो.

== स्पष्टीकरणात्मक उदाहरण : शहापूर–मुरबाड ==

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील रस्त्यांच्या रचनेवरून राउटिंगच्या बहुतेक संकल्पना स्पष्ट करता येतात. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे असा रस्ता माळशेज घाटाकडे जातो. शहापूर मुंबई–नाशिक महामार्गावर आहे आणि तो महामार्ग पुढे कसारा घाटातून वर चढतो. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला येणारा रस्ता या दोन वाटांना जोडतो. पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळली, की वाहनांना दुसऱ्या घाटाने जावे लागते. घाट बंद असल्याचे कल्याणलाच कळले, तर चालक वेळेवर मार्ग बदलतो. टोकावड्यापुढे गेल्यावर कळले, तर त्याला बरेच अंतर मागे यावे लागते. मार्ग उपलब्ध असणे आणि त्याची स्थिती वेळेवर कळणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. राउटिंग प्रोटोकॉल दुसरी गरज भागवतो.

याच गावांमध्ये प्रत्येकी एक राउटर आहे असे मानू. पुढील दुवे व त्यांचे खर्च केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिले आहेत. प्रत्यक्षातील केबलांचा हा नकाशा नव्हे. सोपेपणासाठी शहापूर–मुरबाड ही थेट जोडणी गाळली आहे.

| दुवा | खर्च |
|---|---|
| कल्याण–मुरबाड | १० |
| मुरबाड–सरळगाव | ५ |
| सरळगाव–टोकावडे | ५ |
| सरळगाव–किन्हवली | ५ |
| किन्हवली–शहापूर | १० |
| शहापूर–कल्याण | १५ |

सर्व दुवे चालू असताना सरळगावच्या राउटरचा तक्ता पुढीलप्रमाणे असेल.

| गंतव्य | पुढचा टप्पा | एकूण खर्च |
|---|---|---|
| मुरबाड | थेट | ५ |
| टोकावडे | थेट | ५ |
| किन्हवली | थेट | ५ |
| कल्याण | मुरबाड | १५ |
| शहापूर | किन्हवली | १५ |

कल्याण–मुरबाड दुवा तुटल्यास या तक्त्यातील एकच नोंद बदलते : कल्याणसाठी पुढचा टप्पा किन्हवली होतो आणि एकूण खर्च ३० होतो. टोकावड्याचा राउटर पूर्वीप्रमाणेच पॅकेटे सरळगावला देत राहतो. त्याच्या दृष्टीने केवळ खर्च २० वरून ३५ वर जातो. मुरबाड मात्र आता कल्याणकडील पॅकेटे उलट दिशेने, सरळगावकडे पाठवू लागतो. हा बदल सर्व राउटरांपर्यंत कसा पोहोचतो, यावरून प्रोटोकॉलचे प्रकार पडतात.

== प्रकार ==

=== अंतर-सदिश प्रोटोकॉल ===

या प्रकारात प्रत्येक राउटर आपल्याला माहीत असलेली गंतव्ये आणि तेथपर्यंतचा खर्च यांची यादी केवळ शेजाऱ्यांना कळवतो. शेजारी त्यात आपल्या दुव्याचा खर्च मिळवतो आणि येणारा आकडा आधीच्या मार्गापेक्षा कमी असल्यास तो मार्ग स्वीकारतो. या पद्धतीचा गणिती पाया रिचर्ड बेलमन आणि लेस्टर फोर्ड यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या रीतीत आहे. राउटरला जाळ्याचा पूर्ण नकाशा ठाऊक नसतो. शेजारी सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

आरआयपी हा या प्रकारातील सर्वांत परिचित प्रोटोकॉल आहे. तो १९८८ मध्ये आरएफसी १०५८ या दस्तऐवजाद्वारे प्रमाणित झाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १९९८ मध्ये आरएफसी २४५३ मध्ये नोंदवली गेली. त्यात दर ३० सेकंदांनी संपूर्ण यादी पाठवली जाते. खर्च म्हणून केवळ टप्पे मोजले जातात. वरील उदाहरणात किन्हवलीहून कल्याणला शहापूरमार्गे २ आणि सरळगावमार्गे ३ टप्पे लागतात. त्यामुळे आरआयपी शहापूरचा मार्ग निवडेल. दुव्यांचा खर्च मोजणारा प्रोटोकॉल मात्र सरळगावचा मार्ग निवडेल, कारण तो २० चा आहे आणि शहापूरचा २५ चा. दुव्यांची क्षमता असमान असेल, तेथे टप्पे मोजणे दिशाभूल करणारे ठरू शकते.

अंतर-सदिश पद्धतीचा मुख्य दोष दुवा तुटल्यावर दिसतो. कल्याण–मुरबाड दुवा तुटताच मुरबाडला कल्याणचा मार्ग राहत नाही. परंतु त्याच वेळी सरळगाव ‘कल्याण माझ्यापासून १५ वर आहे’ असे जाहीर करत असते. तो मार्ग मुरबाडमधूनच जातो, हे मुरबाडला कळत नाही. त्यामुळे मुरबाड आपला खर्च २० लिहितो, ते ऐकून सरळगाव २५ लिहिते, आणि दरम्यान पॅकेटे या दोन राउटरांमध्ये येरझाऱ्या घालत राहतात. आकडे वाढता वाढता शहापूरमार्गे जाणारा खरा मार्ग स्वस्त ठरला, की गोंधळ संपतो. शहापूर–कल्याण दुवाही तुटलेला असेल, तर आकडे वाढतच राहतात. या दोषाला ‘अनंतापर्यंत मोजणी’ म्हणतात.

यावर उपाय म्हणून आरआयपीमध्ये १६ हा आकडा अनंत मानला जातो; म्हणजे १५ टप्प्यांपेक्षा दूरचे गंतव्य अप्राप्य समजले जाते. याशिवाय ज्या शेजाऱ्याकडून मार्ग शिकला त्यालाच तो परत न सांगणे, किंवा सांगायचाच झाल्यास ‘अनंत’ खर्चाने सांगणे, असे नियम वापरतात. त्यांमुळे दोन राउटरांमधील फेरे टळतात. तीन किंवा अधिक राउटरांचे फेरे मात्र पूर्णपणे टळत नाहीत. सिस्को कंपनीने विकसित केलेला ईआयजीआरपी हा या पद्धतीचा सुधारित आविष्कार असून त्याचे तपशील २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ द्वारे खुले झाले.

=== दुवा-स्थिती प्रोटोकॉल ===

या प्रकारात राउटर आपले निष्कर्ष कळवत नाही, तर निरीक्षण कळवतो : ‘माझे शेजारी हे आणि त्यांच्याकडील दुव्यांचे खर्च हे.’ ही निवेदने जशीच्या तशी सर्व राउटरांपर्यंत पोहोचवली जातात. परिणामी प्रत्येकाकडे जाळ्याचा सारखाच नकाशा तयार होतो आणि त्यावरून प्रत्येक जण स्वतंत्रपणे सर्वांत स्वस्त मार्ग काढतो. त्यासाठी एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत वापरतात.

टोकावड्याच्या राउटरने ही रीत वापरल्यास गणना पुढीलप्रमाणे होते. प्रथम सर्वांत जवळचे सरळगाव (५) निश्चित होते. सरळगावमार्गे मुरबाड आणि किन्हवली (प्रत्येकी १०) निश्चित होतात. त्यानंतर मुरबाडमार्गे कल्याण (२०) आणि किन्हवलीमार्गे शहापूर (२०) निश्चित होतात. प्रत्येक पायरीवर उरलेल्यांपैकी सर्वांत जवळचा राउटर पक्का केला जातो व त्याच्यामार्गे इतरांचे अंतर कमी होते का, हे तपासले जाते.

कल्याण–मुरबाड दुवा तुटल्यास मुरबाड व कल्याण दोघेही नवे निवेदन प्रसृत करतात. ते मिळताच सरळगाव आपल्या नकाशातून तो दुवा काढून टाकते आणि गणना पुन्हा करते. येथे शेजाऱ्याच्या जुन्या निष्कर्षावर विसंबावे लागत नसल्याने आकडे हळूहळू वाढत नाहीत.

ओएसपीएफ हा या प्रकारातील सर्वाधिक वापरला जाणारा खुला प्रोटोकॉल आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये, तर दुसऱ्या आवृत्तीचे आजचे प्रमाणपत्रक आरएफसी २३२८ हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. जाळे मोठे झाल्यास त्याचे विभाग पाडता येतात. सर्व विभाग एका कण्यासारख्या मध्यवर्ती विभागाला जोडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक राउटरला संपूर्ण नकाशा साठवावा लागत नाही. आयएस-आयएस हा याच तत्त्वावरील दुसरा प्रोटोकॉल असून मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यांत तो प्रचलित आहे.

=== मार्ग-सदिश प्रोटोकॉल ===

वरील दोन्ही प्रकार एकाच संस्थेच्या अखत्यारीतील जाळ्यासाठी आहेत. इंटरनेट मात्र हजारो स्वतंत्र जाळ्यांनी बनलेले आहे. अशा प्रत्येक जाळ्याला स्वायत्त प्रणाली म्हणतात आणि तिला एक क्रमांक दिलेला असतो. स्वायत्त प्रणाली आपला अंतर्गत नकाशा इतरांना उघड करत नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा मार्ग हा नेहमीच सर्वांत इष्ट मार्ग नसतो. कोणाची वाहतूक स्वीकारायची आणि कोणाला पैसे द्यायचे, हे व्यावसायिक करारांवर अवलंबून असते.

या गरजेसाठी बीजीपी वापरला जातो. त्यात एखाद्या उपसर्गाकडे जाताना कोणकोणत्या स्वायत्त प्रणाली लागतात, यांची संपूर्ण यादी कळवली जाते. त्या यादीत स्वतःचाच क्रमांक आढळल्यास राउटर तो मार्ग नाकारतो. त्यामुळे फेरे टळतात. अनेक मार्गांतून निवड करताना आधी संस्थेचे धोरण आणि नंतर यादीची लांबी पाहिली जाते. बीजीपीची चौथी आवृत्ती १९९४ पासून वापरात असून तिचे आजचे प्रमाणपत्रक आरएफसी ४२७१ हे २००६ मधील आहे.

== अभिसरण ==

जाळ्यात बदल झाल्यापासून सर्व राउटरांचे तक्ते पुन्हा परस्परसुसंगत होईपर्यंतच्या प्रक्रियेला अभिसरण म्हणतात. त्याला लागणारा वेळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो : दुवा तुटल्याचे कळणे आणि ती वार्ता पसरणे. आरआयपीमध्ये १८० सेकंद वार्ता न आल्यास मार्ग मृत मानला जातो. ओएसपीएफमध्ये प्रचलित मांडणीनुसार दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला ‘मी आहे’ असा संदेश जातो आणि ४० सेकंद तो न आल्यास शेजारी गेला असे समजतात. केबल तुटल्याचे यंत्रालाच थेट जाणवल्यास हा वेळ लागत नाही. २०१० मध्ये प्रमाणित झालेल्या बीएफडी या साहाय्यक प्रोटोकॉलने शेजाऱ्याची अनुपस्थिती सेकंदाच्या अंशात ओळखता येते.

शोध फार तत्पर ठेवला, तर क्षणिक व्यत्ययामुळेही मार्ग वारंवार बदलतात आणि प्रत्येक बदलाचे काम साऱ्या जाळ्यावर पडते. वारंवार तुटून जुळणाऱ्या दुव्याला म्हणूनच काही काळ बाजूला ठेवण्याची सोय अनेक प्रोटोकॉलांत असते.

== इतिहास ==

अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे १९६९ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले मार्गनिर्धारण अंतर-सदिश पद्धतीचे होते. फेरे आणि मंद अभिसरण या अडचणींमुळे १९७९ मध्ये त्याजागी दुवा-स्थिती पद्धत आणली गेली. नवी पद्धतही निर्दोष नव्हती. २७ ऑक्टोबर १९८० रोजी सदोष यंत्रसामग्रीमुळे काही स्थिती-निवेदनांचे अनुक्रमांक बिघडले. तीन निवेदनांपैकी प्रत्येक निवेदन दुसऱ्यापेक्षा नवे भासू लागल्याने ती जाळ्यात अखंड फिरत राहिली आणि आर्पानेट काही तास निकामी झाले. त्यानंतरच्या प्रोटोकॉलांत अनुक्रमांक, तपासणी-बेरीज आणि निवेदनाचे वय यांविषयी अधिक कडक नियम आले.

बीजीपीची कल्पना जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिन येथील एका बैठकीच्या वेळी कर्क लॉकीड आणि याकोव रेख्टर यांनी भोजनाच्या मेजावरील कागदी रुमालांवर आखली होती. तात्पुरती सोय म्हणून मांडलेला हा प्रोटोकॉल आजही इंटरनेटचा आधार आहे. १९९३ मध्ये उपसर्गांची लांबी लवचिक करण्यात आली, त्यामुळे अनेक पत्ता-गट एका नोंदीत एकत्र करता येऊ लागले. तरीही तक्ते वाढतच गेले. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक तक्त्याने ५,१२,००० नोंदींची सीमा ओलांडली, तेव्हा स्मृती अपुरी असलेल्या जुन्या राउटरांमुळे जगात अनेक ठिकाणी सेवा विस्कळीत झाली.

भारतात शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पाची सुरुवात १९८६ मध्ये झाली. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून १९८९ मध्ये अमेरिकेकडे ९.६ किलोबिट प्रतिसेकंद क्षमतेचा भाड्याचा दुवा घेण्यात आला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. देशातील दोन सेवादात्यांमधील वाहतूक परदेशातून फिरून येऊ नये म्हणून २००३ मध्ये निक्सी ही आंतरजाल विनिमय संस्था स्थापन झाली. तिच्या मुंबईसह विविध केंद्रांवर सेवादाते बीजीपीद्वारे आपापले मार्ग एकमेकांना कळवतात.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या आणि भारताच्या पश्चिमेकडील जोडणीला मोठा फटका बसला. ज्या सेवादात्यांकडे पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरामार्गे जाणारी क्षमता उपलब्ध होती, त्यांची वाहतूक तिकडे वळवता आली. इतरांची सेवा मंदावली.

== ग्रामीण जाळ्यांची रचना ==

=== भारतनेट ===

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाच्या महाआयटी या कंपनीमार्फत ‘महानेट’ या नावाने हाती घेण्यात आले.

पहिल्या टप्प्यातील रचना मुख्यतः वृक्षाकार होती. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या यंत्रापासून निघालेल्या फायबरला फांद्या फुटत जातात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला ग्रामपंचायतीतील यंत्र असते. ही रचना तुलनेने स्वस्त पडते, पण तीत गावापासून तालुक्यापर्यंत एकच वाट असते. वरील उदाहरणातील टोकावड्याची स्थिती अशीच आहे. कल्याण–मुरबाड दुवा तुटला, तरी सरळगावपर्यंत पोहोचलेले पॅकेट किन्हवलीमार्गे जाऊ शकते. सरळगाव–टोकावडे दुवा तुटल्यास मात्र टोकावड्याच्या तक्त्यात एकही उपयुक्त नोंद उरत नाही. रस्तारुंदीकरणाच्या खोदकामात किंवा दरडीखाली केबल तुटली, तर ती जोडली जाईपर्यंत गावातील शिधावाटप दुकानातील यंत्र, ग्रामपंचायतीतील दाखल्यांचे काम आणि शाळेतील जोडणी ही सर्व एकाच वेळी थांबू शकतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात ग्रामपंचायतींना वलयाकार रचनेत जोडण्याची आणि आयपी-एमपीएलएस तंत्र वापरण्याची तरतूद आहे. वलयात प्रत्येक ठिकाणाहून दोन दिशांना वाट असते. एका ठिकाणी केबल तुटली, तर राउटर वाहतूक उलट दिशेने वळवतात. दोन ठिकाणी तुटल्यास मात्र मधली गावे वेगळी पडतात. दोन्ही वाटांची केबल एकाच रस्त्याच्या चरातून टाकली असेल, तर नकाशावर वलय दिसूनही एकाच खोदकामात दोन्ही तुटू शकतात. मार्गांचे भौगोलिक वेगळेपण राउटिंग प्रोटोकॉलला दिसत नाही. ते आखणी करणाऱ्यालाच पाहावे लागते.

=== बिनतारी दुवे आणि मेश जाळी ===

डोंगराळ भागात फायबर नेणे खर्चिक असल्याने बिनतारी दुव्यांचा पर्याय वापरला जातो. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर भागातील गावांमध्ये दूरचित्रवाणीसाठी राखीव पण न वापरलेल्या यूएचएफ लहरींवरून जोडणीचे प्रयोग केले. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. या लहरी झाडी व उंचसखल भूभागातून तुलनेने दूरवर पोहोचतात. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ नवोपक्रम स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

बिनतारी मेश जाळ्यात प्रत्येक यंत्र इतरांची पॅकेटेही पुढे नेते. येथे दुवा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच प्रश्न नसतो; पाऊस, पालवी किंवा अडथळ्यांमुळे त्याची गुणवत्ता सतत बदलते. केवळ टप्पे मोजणारा प्रोटोकॉल अशा ठिकाणी एक लांब पण दुर्बल दुवा दोन छोट्या व सशक्त दुव्यांपेक्षा पसंत करतो. म्हणून मेश जाळ्यांसाठीचे अनेक प्रोटोकॉल पाठवलेल्या संदेशांपैकी किती पोहोचतात, यावरून दुव्याचा खर्च ठरवतात. ओएलएसआर (२००३), जर्मनीतील फ्रायफुंक समूहात विकसित झालेला बॅटमॅन आणि २०२१ मध्ये प्रमाणित झालेला बेबल हे या वर्गातील परिचित प्रोटोकॉल आहेत. गरज पडेल तेव्हाच मार्ग शोधणारा एओडीव्ही (२००३) हा वेगळ्या पद्धतीचा प्रोटोकॉल असून, विजेची बचत आवश्यक असलेल्या यंत्रांना अशी पद्धत सोयीची असते.

== सुरक्षितता ==

राउटिंग प्रोटोकॉल शेजाऱ्याच्या कथनावर विश्वास ठेवतात. ते कथन चुकीचे किंवा हेतुपुरस्सर खोटे असल्यास वाहतूक भलतीकडे जाऊ शकते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तेथील एका दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या पत्त्यांचा /२४ उपसर्ग आपला म्हणून जाहीर केला. देशापुरती मर्यादित राहावी अशी ही घोषणा बाहेर पसरली. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ ची, म्हणजे कमी नेमकी असल्याने जगभरातील राउटरांनी पाकिस्तानचा मार्ग स्वीकारला आणि यूट्यूब सुमारे दोन तास अनेक देशांत दिसेनासे झाले.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्यातील देखभालीच्या चुकीनंतर त्याच्या नामसेवकांकडे जाणारे बीजीपी मार्ग मागे घेतले गेले. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. संगणक चालू असूनही त्यांच्याकडे जाण्याची वाट कोणालाच ठाऊक राहिली नव्हती.

कोणता उपसर्ग जाहीर करण्याचा अधिकार कोणत्या स्वायत्त प्रणालीला आहे, हे अंकीय स्वाक्षरीने पडताळण्याची आरपीकेआय ही व्यवस्था २०१२ मध्ये प्रमाणित झाली. ती घोषणेचा उगम तपासते; मधला संपूर्ण मार्ग खरा आहे की नाही, याची हमी देत नाही. अंतर्गत प्रोटोकॉलांत शेजारी राउटरची ओळख पटवण्यासाठी सामायिक गुप्तकळीचा वापर होतो.

== मर्यादा ==

* पर्यायी दुवा नसल्यास राउटिंग प्रोटोकॉल सेवा टिकवू शकत नाही. तो केवळ गंतव्य अप्राप्य असल्याचे कळवतो.
* बहुतेक प्रोटोकॉल दुव्यावरील तात्कालिक गर्दी विचारात घेत नाहीत. पर्यायी मार्ग अरुंद असेल, तर वळवलेल्या वाहतुकीने तोही तुंबू शकतो.
* स्वस्त मार्ग म्हणजे वेगवान मार्ग असे नाही. खर्च कसा ठरवला आहे यावर निवड अवलंबून असते.
* वीजपुरवठा खंडित झाल्याने राउटरच बंद पडल्यास त्याला जोडलेले सर्व दुवे एकदम नाहीसे होतात. ग्रामीण जाळ्यांत पर्यायी केबलइतकीच पर्यायी विजेची सोयही आवश्यक असते.

== हे सुद्धा पहा ==

* राउटर
* आयपी पत्ता
* इंटरनेट
* भारतनेट
* आलेख सिद्धान्त
* शहापूर तालुका
* मुरबाड तालुका